धागे घातलेलं पुस्तक

निपाणीच्या विहारात भीमसेनअण्णांनी चष्मा डोळ्यांवर चढवला की समजायचं, आता वंदना सुरू होणार. आधी चष्मा, मग पांढऱ्या फडक्यातून पुस्तक काढणं, मग अंगठा जिभेला लावून लाल धागा घातलेलं पान उघडणं. हे सगळं ते इतक्या सावकाश करत की आईच्या मांडीवर किरकिरणारं पोरसुद्धा गप्प होऊन बघत राही. मग आवाज लागायचा. सत्तरीतही आवाज खणखणीत आणि एक शब्द इकडचा तिकडं नाही. बेचाळीस वर्षं दर रविवारी हे असंच चाललं होतं.

फक्त एक गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. भीमसेनअण्णांना वाचता येत नव्हतं.

थोडं थोडं येत होतं असंही नाही. अगदी ओ की ठो कळत नव्हतं. मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा ते तोंडानं फर्ड्या बोलत, आणि वाचायला दोन्ही येत नव्हत्या. सीमेच्या अलीकडे-पलीकडे इतका सारखा न्याय दुसऱ्या कुणी केला नसेल. तंबाखूच्या वखारीत उभा जन्म गेला. पगाराच्या कागदावर सही लागे, ती त्यांनी चित्र काढावं तशी गिरवून ठेवली होती.

हे लचांड गळ्यात पडलं नागोजी मास्तरांमुळे. मास्तर पूर्वी वंदना घेत. तरणा भीमसेन पहिल्या रांगेत बसून ऐके, आणि एकदा ऐकलेलं त्याच्या डोक्यातून जात नसे. मास्तरांची बदली बिदरला झाली तेव्हा त्यांनी सगळ्यांदेखत आपलं पुस्तक त्याच्या हातात ठेवलं. "आता तू," म्हणाले. "घरी गेल्यावर पहिल्या पानापासून बघ." लोकांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या टाळ्यांमध्ये मला वाचायला येत नाही म्हणून सांगायला वाघाचं काळीज लागतं. भीमसेनकडे ते नव्हतं.

घरी आल्यावर बायकोला, रुक्माबाईला, तेवढं खरं सांगितलं. ती बिड्या वळायची. शेजारच्या शाळकरी पोरीशी गोड बोलून तिनं कुठली वंदना कुठं सुरू होते ते विचारून घेतलं आणि त्या त्या पानात बिडीचा धागा घातला. सुरुवातीला लाल, मग हिरवा, मग पिवळा. पुढे चौकातल्या फिरत्या दुकानातून भीमसेननं चष्मा घेतला. नंबर नव्हता, नुसती काच होती. रुक्माबाईला जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून ही गोष्ट जगात एकट्या अण्णांनाच ठाऊक होती. पुस्तक लाल धाग्यापासून उघडायचं आणि पिवळ्यापाशी मिटायचं. मुलगा यशपाल शिकून बेळगावात टिळकवाडीच्या एका ऑफिसात साहेब झाला. सून सुनयना निपाणीतच नर्स होती. त्या दोघांनीही कधी त्या पुस्तकाला हात लावला नाही, कारण ते अण्णांचं पुस्तक.

हे असंच निभावून गेलं असतं. पण दुसरीत गेलेली नात, पारमिता, विहारात अण्णांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायची आणि टक लावून बघायची.

मराठी शाळेत दुसरीला सौम्याबाई होत्या. बेळगुंदीच्या शेतकऱ्याची लेक, वय तीस, निपाणीत खोली घेऊन राहायच्या. एक दिवस त्यांनी पारमिताला धडा वाचायला उठवलं. पोरीनं पुस्तक छातीसमोर धरलं, अंगठा जिभेला लावला आणि घडाघडा सुरुवात केली. बाईंना मोठं कौतुक वाटलं. तेवढ्यात त्यांचं लक्ष गेलं, की दुपारच्या सांबारानं पुस्तकाची दोन पानं एकमेकांना चिकटली होती. पोरीनं दोन्ही एकदम उलटली आणि चिकटलेल्या पानावरचा मजकूर बिनचूक म्हणून दाखवला.

बाईंनी दुसरं, नवं पुस्तक तिच्या हातात दिलं. पारमितानं चित्र बघितलं, आणि त्यात शेळी होती म्हणून शेळीची एक छान गोष्ट सांगायला लागली. त्या पानावर शेळीबद्दल एक अक्षरही नव्हतं.

"हे वाचणं नाही बाळा," बाई म्हणाल्या.

"असंच वाचत्यात बाई," पारमितानं त्यांनाच समजावून सांगितलं. "पुस्तक हितं धरायचं, मोठ्यांदा म्हनायचं, आन मधनं मधनं अंगठा चाटायचा. माझा आज्जा असंच वाचतोय."

सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या. शाळा सुटायच्या वेळी नातीला न्यायला आलेले अण्णा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं; ते दोन पावलं मागं सरले.

बाईंनी त्यांना आत बोलावलं. "आजोबा, पोरगी हुशार आहे, पण अक्षरं ओळखत नाही. सगळं ऐकून पाठ करते. घरी रोज अर्धा तास तुम्हीच घ्या तिचं." असं म्हणून एक कापडी पिशवी दिली. आत पुठ्ठ्याचे चौकोनी पत्ते होते, प्रत्येकावर एक अक्षर. "तुम्ही किती स्वच्छ वाचता ते ऐकलंय मी विहारात."

"घेतो की," अण्णा म्हणाले. "जरा चष्म्याचा नंबर वाढलाय बघा."

हे त्यांचं हुकमी उत्तर होतं, पण घरात नर्स असली की असली उत्तरं टिकत नाहीत. सुनयनानं चौथ्या दिवशी त्यांना डोळ्यांच्या शिबिरात नेऊन बसवलं. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "यांना चष्मा दिला कुणी? या वयात असे डोळे मी बघितले नाहीत." सुनयना खूश झाली. अण्णांचं तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं.

पिशवी खुंटीला लटकत राहिली. बाई शाळेच्या दारात विचारायच्या, "घेताय ना?" आणि अण्णा म्हणायचे, "घेतोय की." तीन आठवडे गेले. बाईंनी शेवटी यशपालला फोन केला. तो रविवारी आला तो ठरवूनच. बेळगावात लहान मुलांच्या मेंदूचा डॉक्टर आहे, त्याला दाखवायचं. कधी कधी मुलांच्या डोक्यात अक्षर बसतच नाही म्हणे, तसं असलं तर लवकर कळलेलं बरं. यशपाल वाईट बोलत नव्हता. बापाच्या काळजीनंच बोलत होता. पण तो बोलत होता स्वयंपाकघरात, आणि पारमिता बसली होती चौकटीच्या अलीकडे.

सोमवारी संध्याकाळी ती अण्णांच्या मांडीला टेकून बसली. मग म्हणाली, "आज्जा, माझ्या डोस्क्यात काय बसत न्हाय व्हय?"

"कोन म्हनलं?"

"पप्पा." ती म्हणाली, "तुझ्यासारकंच तर वाचत हुतो मी. तुझं कसं बरुबर, आन माझं कसं चूक?"

अण्णांनी आयुष्यात पुष्कळ ओझी उचलली होती. तंबाखूचं बोद, मणामणाचं गाठोडं, पाठीवर घेऊन ते वखारीच्या शिड्या चढले होते. पण त्या संध्याकाळी पोरीच्या त्या एका प्रश्नाचं ओझं त्यांना उचलेना. पोरीच्या डोक्यात काही कमी नाही, ती जे शिकली ते आपल्याकडूनच शिकली, हे जगात फक्त त्यांना ठाऊक होतं. तोंड उघडलं तर बेचाळीस वर्षांची अब्रू जाणार, आणि नाही उघडलं तर पोरीच्या कपाळावर मंद म्हणून शिक्का बसणार. शिक्का एकदा बसला की पुसत नाही, हे त्यांच्या पिढीला कुणी शिकवायला नको.

शनिवारी सकाळची शाळा. पोरं गेल्यावर अण्णा वर्गात आले आणि दुसरीच्या पोरांच्या बुटक्या बाकावर बसले. गुडघे हनुवटीला लागले.

"बाई, पोरीचा दोष न्हाय," ते म्हणाले. "मला वाचाय येत न्हाय. ती माझंच बघून शिकली."

मग सगळं सांगितलं. धागे सांगितले, चष्मा सांगितला. चष्म्याचं सांगताना बाईंच्या ओठांच्या कडा हलल्या, पण त्यांनी हसू आवरलं. सगळं ऐकून घेतलं आणि उठून अण्णांसाठी तांब्यातलं पाणी आणलं.

"आजोबा, पारमितानं तुम्हाला कधी अडखळताना बघितलेलंच नाही," त्या म्हणाल्या. "खरा वाचणारा थांबतो, चुकतो, मागं जातो. तिला वाटतं अडखळणं म्हणजे न येणं. म्हणून ती अक्षराकडे बघायलाच भिते. तुम्ही तिच्यासमोर खरं वाचायला बसा."

"म्हंजी म्या काय करायचं?"

"काही करायचं नाही. अडखळणं आपोआप होईल तुमच्याकडून."

आता मात्र अण्णाच आधी हसले. डॉक्टरकडं जायचं सहा आठवडे पुढं ढकलायला यशपालना मी सांगते, बाई म्हणाल्या. आणि पत्ते कसे वापरायचे तेही त्यांनी दाखवून दिलं.

त्याच संध्याकाळी अण्णांनी अंगणात पोतं अंथरलं आणि पिशवी त्यावर ओतली. पारमिता आधी लांबच उभी राहिली. अण्णांनी एक पत्ता उचलला, डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, उलटा धरला.

"आज्जा, चष्मा?"

"चष्म्यात काय न्हाय गं. नुसती काच हाय." त्यांनी पत्ता खाली ठेवला. "मला हे वाचाय येत न्हाय."

"अजिबात?"

"अजिबात न्हाय."

पारमितानं त्यांच्याकडं नीट निरखून बघितलं. मग तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं की अण्णांना कळेना, पोरगी हसतेय का रडतेय. "मलाबी न्हाय," ती म्हणाली आणि पोत्यावर त्यांना चिकटून बसली.

बाईंची रीत सोपी होती. आधी शब्द तोंडानं मोडायचा, एका तुकड्याला एक टाळी. पा, र, मि, ता. चार टाळ्या. मग प्रत्येक टाळीचा पत्ता शोधायचा. आणि पत्त्यांचे ढीग करायचे: साधी अक्षरं एकीकडे, काना असलेली दुसरीकडे, वेलांटीची, उकाराची, मात्रेची वेगळी, आणि सगळ्यांत शेवटी जोडाक्षरं. ढीग म्हटल्यावर अण्णांचे हात जागे झाले. वखारीत त्यांनी जन्मभर हेच केलं होतं. तंबाखू चाळायची, बारीक वेगळी, जाड वेगळी, काड्या वेगळ्या. अक्षरांचीही प्रतवारी करता येते, हे कुणी चाळीस वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर, असं त्यांच्या मनात आलं. मग वाटलं, आपण तरी कुणाला कुठं विचारलं.

पहिल्या आठवड्यात दोघंही सारखेच अडाणी होते. दुसऱ्यात पारमिता पुढं गेली, आणि ती मास्तरीण झाली म्हटल्यावर अण्णांचे हाल कुत्रा खाईना. "आज्जा, वेलांटी अल्याड हाय का पल्याड हाय ते बघ की! नुसतं आवाज काडू नगंस." तिला आता ओळखू येत होतं, की आज्जा कधी वाचतोय आणि कधी ठोकून देतोय. त्यामुळं स्वतःचंही तिला ओळखू यायला लागलं. ठोकून द्यायला लागली की आपणच जीभ चावायची आणि मागं जायची.

भी-म-से-न ही अक्षरं अण्णांनी स्वतः जुळवून पोत्यावर मांडली, त्या दिवशी त्यांनी शेजारच्या कोंबड्या त्यावरून जाऊ नयेत म्हणून तासभर राखण केली. ज्या सहीचं चित्र ते जन्मभर काढत होते, तिच्यात चार वेगवेगळी अक्षरं राहतात हे त्यांना आज कळलं होतं.

जोडाक्षरांपाशी मात्र गाडी अडली. बुद्ध हा शब्द तोंडात कायम, पण पत्ता दिसला की अण्णा नंदीबैलासारखी मान हलवायचे. तिथं पारमितानंच युक्ती काढली. "हे बेळगावच्या बशीवानी हाय आज्जा. एका शिटावर दोगं. म्हनून एकाला निम्मंच बसाय मिळतंय." त्यानंतर जोडाक्षर आलं की अण्णा विचारायचे, "ह्यात निम्मा बसलाय त्यो कोन?"

सहा आठवडे संपले. सोमवारी डॉक्टरकडं जायचं होतं. आदल्या रविवारी विहार नेहमीसारखा भरला. यशपाल आला होता, सुनयना ड्यूटी बदलून आली होती. सौम्याबाई त्या रविवारी बेळगुंदीला न जाता मुद्दाम मागं येऊन बसल्या होत्या. अण्णांनी फडक्यातून पुस्तक काढलं, पण चष्मा डोळ्यांवर चढवलाच नाही. लोक वाट बघायला लागले.

"वंदनेच्या आधी एक सांगायचं हाय," अण्णा म्हणाले. खणखणीत आवाज फाटला, त्यांनी खाकरून पुन्हा लावला. "बेचाळीस वरसं म्या पुस्तक धरलं. वाचलं एकदाबी न्हाय. मला वाचाय येत नव्हतं. हे समदं पाठ हाय. तुमास्नी फसिवलं, माफी करा."

यशपाल बापाकडं बघत राहिला. शाळेत असताना प्रगतिपुस्तक नेलं की अण्णा ते किती वेळ हातात धरून बसायचे, आणि मग नुसतं "बरं हाय" म्हणायचे. तो दर वेळी चिडायचा, की पहिला नंबर आला तरी बापाला काही वाटत नाही. त्यानं डोळ्यांवर हात घेतला.

"माझं बघून नातबी तसंच कराय लागली," अण्णा म्हणाले. "तिच्या डोस्क्यात काय कमी न्हाय. आज ती वाचंल. पाठ नसलेलं. पारमिते, लाल धाग्याच्या मागं जा. पयल्या पानापासनं. तितलं म्या कदी म्हनलेलं न्हाय, म्हंजी तुला ठाऊक असायचं कारन न्हाय."

पारमितानं पुस्तक मांडीवर घेतलं. अंगठा चाटला नाही. लाल धाग्याच्या मागची पानं कोरी करकरीत होती, एकमेकांना धरून बसलेली. तिनं ती हळूच सोडवली.

"हितं हातानं लिवलंय आज्जा."

"कळतंय का बघ. वाच."

अक्षर मोत्यासारखं होतं. पारमितानं मांडीवर हलकी टाळी मारली. "भी... म... से... न." लोकांत हसू पसरलं. पोरगी आजोबाला नावानं हाक मारते की काय! तिनं मान वर केली. "तुझं नाव लिवलंय."

अण्णा तिच्याजवळ सरकले.

"तु-ला... स-ग-ळं... पा-ठ... आ-हे..." ती थांबली, मागं गेली, पुन्हा आली. वेळ लागत होता. पुढं बसलेल्या म्हाताऱ्या राजाबाईला राहवलं नाही. "अण्णा, पोरगी लई अडखळतीया की."

"अडखळतीया म्हंजी वाचतीया, राजाआक्का," अण्णा म्हणाले. "वाचू दे तिला."

मग कुणी घाई केली नाही. सगळा विहार एका सात वर्षांच्या पोरीच्या टाळीमागून एकेक अक्षर पुढं सरकत राहिला. जोडाक्षर आलं की ती ओठांतल्या ओठांत पुटपुटायची, निम्मा कोण ते शोधायची आणि पुढं जायची. ओळी चारच होत्या. सगळं वाचून झाल्यावर ते असं होतं:

भीमसेन, तुला सगळं पाठ आहे, हे मला माहीत आहे. वाचता येत नाही, हेही माहीत आहे. लाजू नकोस, कुणाकडूनही शीक. ज्या दिवशी हे वाचशील, त्या दिवशी मला पत्र लिही. नागोजी.

मास्तरांना वारून एकोणीस वर्षं झाली होती.

अण्णांनी पुस्तक आपल्या मांडीवर ओढून घेतलं. त्या चार ओळींवरून बोट फिरवत त्यांनी त्या स्वतः वाचल्या, पोरीपेक्षाही सावकाश, दोनदा चुकून. बेचाळीस वर्षं ज्याच्यापासून लपवलं असं त्यांना वाटत होतं, त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तरी त्यानं पुस्तक दिलं होतं. म्हातारा सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडला. यशपाल उठून त्यांच्याजवळ येऊन बसला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून राहिला. "उद्या डॉक्टरकडं जायचं नाही अण्णा," एवढंच तो म्हणाला.

"पत्र कुटं घालायचं रं आता?" अण्णांनी त्याला विचारलं.

उत्तर पारमितालाच सुचलं. "हितंच लिव की, त्येंनी लिवलंय त्येच्या खाली."

सौम्याबाईंनी मागून पेन पुढं केलं. अण्णांनी ते घट्ट मुठीत धरलं आणि नागोजी या नावाच्या खाली पहिलं अक्षर काढलं. वा. मग च. मग लं. पुढं मा आला, आणि हात थांबला.

"एका शिटावर दोगं, आज्जा," पारमिता त्यांच्या कानाशी लागून म्हणाली. "निम्मा स."

अण्णांनी निम्मा स बसवला, त्याच्या शेजारी त बसवला आणि र काढून लांबून बघितलं. वाचलं मास्तर, असं तिथं लिहिलेलं होतं. त्याच्या खाली त्यांनी सही केली. या वेळी ते चित्र काढत नव्हते.